जबडा वाजतो तेव्हा

दिवाळीच्या आगेमागे कोपरगाव तालुक्यात साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. कोळपेवाडीच्या कर्मवीर शंकरराव काळे कारखान्याकडे आणि सहजानंदनगरच्या सहकारमहर्षी शंकरराव कोल्हे कारखान्याकडे उसाने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघाले की रस्त्याकडेच्या पोरांच्या हातात उसाचे कांडे आलेच. ते दाताने सोलायचे, पेर करकचून फोडायचे, चोथा थुंकायचा. शेजारच्या राहात्याचा पेरूही थंडीतलाच, आणि तो कापून खायला फारसे कुणी थांबत नाही. अशा एखाद्या जोरदार चाव्याच्या वेळी कानाच्या पुढे ‘कट्’ असा आवाज होतो. कधी तो शेजारी बसलेल्यालाही ऐकू जातो. दुखत काहीच नाही, पण माणूस दचकतो. दुसऱ्या दिवशी जांभई देताना पुन्हा ‘कट्’, भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकताना पुन्हा ‘कट्’. मग आरशासमोर उभे राहून तोंड उघडून-मिटून पाहणे सुरू होते, आणि जितके पाहावे तितका तो आवाज वाढल्यासारखा वाटतो.

असा आवाज जगात जवळपास तीनपैकी एका माणसाला आयुष्यात केव्हा ना केव्हा येतो. त्यातल्या बहुतेकांना उपचाराची गरज कधीच लागत नाही. ही एक गोष्ट वेळेवर कुणी सांगितली तर अनेकांची झोप, पैसा आणि कधीकधी दातही वाचतात.

घरात मात्र तर्क निराळे चालतात. आवाज किंवा दुखणे कानाशी असल्यामुळे आधी कानात तेल जाते, मग थेंब, मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची पायरी. ते दुर्बिणीने पाहतात आणि ‘कान स्वच्छ आहे’ म्हणतात. मग अक्कलदाढेवर संशय, मग डोकेदुखीच्या गोळ्या. जबड्यालाही गुडघ्यासारखा सांधा असतो आणि तोही कुरकुरू शकतो, हे शेवटी ध्यानात येते.

हा सांधा हाताला लागतो. कानाच्या भोकापुढे दोन्ही बाजूंना बोटे ठेवून तोंड सावकाश उघडले की बोटांखाली काहीतरी गोल फिरते आणि पुढे सरकते. ते खालच्या जबड्याच्या हाडाचे वरचे टोक. कवटीच्या हाडात त्याच्यासाठी एक उथळ खोबण असते, आणि खोबण व टोक यांच्यामध्ये चिवट तंतूंची, मध्ये पातळ व कडेला जाड अशी छोटी चकती असते. तोंड थोडे उघडेपर्यंत हाडाचे टोक जागच्या जागी फिरते. त्यापुढे चकतीसकट ते खोबणीतून बाहेर, पुढच्या उंचवट्यावर घसरते. फिरणे आणि घसरणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करणारे सांधे शरीरात फार थोडे. त्यातून हे दोन सांधे एकाच हाडाच्या दोन टोकांना, एका दाराच्या दोन बिजागऱ्यांसारखे. एक अडखळला की दुसऱ्यालाही ताण बसतो. बोलणे, गिळणे, चावणे, जांभई, हसणे या सगळ्यांत मिळून दिवसाकाठी तो किती वेळा हलतो याला गणतीच नाही.

आता तो आवाज कुठला? चकतीला धरून ठेवणारे बंध सैल झाले की तोंड मिटलेले असताना ती थोडी पुढे निसटून बसते. तोंड उघडताना हाडाचे टोक पुढे येते, चकतीच्या जाड कडेवरून उडी मारते आणि पुन्हा तिच्या मधल्या पातळ भागावर येऊन बसते. ती उडी म्हणजे ‘कट्’. मिटताना चकती पुन्हा निसटते तेव्हा दुसरा, हलका आवाज येतो. बंध सैल होण्याची कारणे पुष्कळ. हनुवटीवर बसलेला मार, झोपेत दात खाण्याची सवय, दिवसभर दात आवळून बसणे, मुळातच सगळे सांधे लवचिक असणे. बरेचदा नेमके एक कारण सापडतच नाही. चकतीऐवजी सांध्याच्या हाडाची झीज झाली असेल तर आवाज वाळू घासल्यासारखा, कुरकुर असा येतो.

या आवाजाची तपासणी करायला फार यंत्रे लागत नाहीत. जाणता दंतवैद्य रुग्णासमोर बसतो, कानांपुढे बोटे ठेवतो आणि तोंड उघडायला सांगतो. हनुवटी सरळ रेषेत खाली जाते की वाटेत एका बाजूला वळून पुन्हा मधोमध येते, हे तो पाहतो. मग पट्टीने वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधले अंतर मोजतो. मोठ्या माणसात ते साधारण ४० ते ५० मिलिमीटर भरते. पट्टी नसेल तर स्वतःचीच तीन बोटे उभी धरून तोंडात घालून पाहायची. मावली तर बहुधा ठीक. मग गालाच्या आणि कानशिलाच्या स्नायूंवर अंगठ्याने दाब देत तो विचारतो, ‘रोज दुखते ते हेच का?’ पुष्कळ रुग्ण इथे चमकतात, कारण सांधा दुखतो असे समजून ते आलेले असतात आणि नेमकी कळ निघते ती गालाच्या स्नायूत. ओपीजी नावाच्या एक्स-रेत हाड दिसते, चकती दिसत नाही. ती पाहायची तर एमआरआय लागतो. पण नुसत्या आवाजासाठी एमआरआय काढण्याचे काहीच कारण नसते. कसलाही त्रास नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही चकती सरकलेली दिसते.

एवढे समजल्यावर रुग्णांची ढोबळ विभागणी करता येते. आवाज आहे, दुखत नाही, तोंड पूर्ण उघडते, अशांनी निर्धास्त राहावे. आवाजासोबत दुखते, सकाळी उठल्यावर गाल जड वाटतात, चावताना कळ येते, अशांना उपचार हवा, पण तो साधा. तिसरी अवस्था जरा घाबरवणारी. वर्षानुवर्षे येणारा आवाज एके दिवशी अचानक थांबतो आणि त्याच वेळी तोंड दोन बोटांपलीकडे उघडेनासे होते. चकती आता इतकी पुढे अडकलेली असते की हाडाला तिच्यावर चढताच येत नाही. याच्या उलट प्रकारही असतो. मोठी जांभई दिली आणि तोंड उघडे ते उघडेच राहिले. यात हाडाचे टोक उंचवट्याच्या पुढे जाऊन अडकते. घरच्यांनी ओढाताण न करता लगेच दवाखाना गाठावा. डॉक्टर दोन्ही अंगठे खालच्या दाढांवर ठेवून जबडा आधी खाली दाबतात, मग मागे ढकलतात. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातही निखळलेल्या जबड्याला शेक देऊन, हाड जागेवर बसवून, वर पट्टा बांधायला सांगितले आहे. निखळलेला जबडा बसवण्याचे ज्ञान इतके जुने आहे.

वाजणाऱ्या, दुखणाऱ्या जबड्याची आधुनिक कहाणी मात्र चुकीच्या वाटेने बरीच लांब गेली. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसचे कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी कान, सायनस आणि जबडा यांच्या तक्रारी एकत्र मांडल्या आणि त्यांचा दोष दाढा पडल्यामुळे बिघडलेल्या दातांच्या बैठकीला दिला. त्यांची शरीररचनेची मांडणी पुढे टिकली नाही, पण ‘दात नीट बसत नाहीत म्हणून सांधा बिघडतो’ ही समजूत दंतवैद्यकात घर करून राहिली. त्यापायी असंख्य लोकांचे चांगले दात घासून बारीक केले गेले, टोप्या बसवल्या गेल्या, वर्षानुवर्षे तारा लावल्या गेल्या. घासलेला दात परत वाढत नाही. आजही एखादा दवाखाना आवाज घालवण्यासाठी दात घासायला किंवा सगळ्या दाढांना टोप्या घालायला सुचवत असेल, तर रुग्णाने तिथून उठावे आणि दुसरे मत घ्यावे.

याहून मोठा फटका शस्त्रक्रियेने दिला. १९८०च्या दशकात ह्यूस्टनच्या व्हिटेक कंपनीने टेफ्लॉनचा थर असलेली कृत्रिम चकती बाजारात आणली आणि अमेरिकेतल्या हजारो रुग्णांच्या जबड्यात ती बसवली गेली. चावण्याच्या दाबाखाली तिचे बारीक तुकडे झाले. शरीराने त्या तुकड्यांवर हल्ला चढवला आणि त्या भरात शेजारचे हाड झिजत गेले. काहींच्या बाबतीत कवटीपर्यंत. १९९०-९१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारे देऊन हे साहित्य मागे घ्यायला लावले, तोवर कंपनी दिवाळखोरीत गेलेली होती. टेरी काउली यांनी १९८६ मध्ये सुरू केलेली रुग्णसंघटना अशाच होरपळलेल्या माणसांचा आवाज बनली. जी माणसे नुसता जबडा वाजतो म्हणून डॉक्टरांकडे गेली होती, त्यांपैकी काहींना पुढे द्रवपदार्थांवर दिवस काढावे लागले. हा इतिहास प्रत्येक रुग्णाला ठाऊक असायला हवा.

१९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवली. आधी सौम्य, आणि नको असल्यास मागे घेता येईल असाच उपचार करावा, हा तिचा सूर होता. पुढे मिनेसोटा विद्यापीठाने तोंड अडकलेल्या १०६ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून चार गट केले. एका गटाला औषध आणि स्वतःची काळजी कशी घ्यायची याचा सल्ला, दुसऱ्याला फिजिओथेरपी व स्प्लिंटसह (दातांवर बसवायच्या साच्यासह) पुनर्वसन, तिसऱ्याला दुर्बिणीची शस्त्रक्रिया, चौथ्याला सांधा उघडून केलेली शस्त्रक्रिया. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. पाच वर्षांच्या पाठपुराव्यात चारही गट सुधारले आणि त्यांच्यात फरक दिसला नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठाने तर शस्त्रक्रिया न केलेल्या रुग्णांना तीस वर्षांनी परत बोलावून तपासले. एक्स-रेत झीज होती, पण बहुतेकांचे दुखणे कधीच मागे पडले होते आणि माणसे नीट जेवत होती. सांधा बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेतो. त्याला वेळ मात्र द्यावा लागतो.

डिसेंबर २०२३ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने जबड्याच्या जुनाट दुखण्यावर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यात जोरदार शिफारस मिळालेले उपाय पाहिले तर नवल वाटते: फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम, स्नायूंच्या आखडलेल्या गाठींवर हाताने उपचार, मानेची ठेवण सुधारणारे व्यायाम, घरी करायचे ताण, रुग्णाला नीट समजावून सांगणे, आणि दुखण्याकडे पाहण्याची दृष्टी बदलणारे समुपदेशन. यातले काही तर फुकटात होणारे. रात्री दातांवर घालायच्या ज्या साच्यावर, म्हणजे नाइट गार्डवर, बराच खर्च होतो, तो दुखण्यावरचा उपाय म्हणून सरसकट वापरू नये, असे याच सूचना सांगतात. झोपेत दात खाणाऱ्याच्या दातांची झीज वाचवायला नाइट गार्ड उपयोगी पडतो, आणि काहींना त्याने बरेही वाटते. पण तो सगळ्या दातांवर बसणारा, रात्रीपुरता आणि अधूनमधून तपासला जाणारा हवा. काही मोजक्याच दातांवर बसणारा, दिवसरात्र घालायचा गार्ड दातांची जागाच बदलून टाकू शकतो.

घरी करायची गोष्ट दात वेगळे ठेवण्यापासून सुरू होते. खाताना आणि गिळताना सोडले तर वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकायला नकोत. ओठ मिटलेले, दात सुटे, आणि ‘न’ म्हणताना जीभ टाळूला जिथे टेकते तिथे ती विसावलेली, ही जबड्याची आरामाची जागा. मोबाइलवर डोळे लावून बसलेला, दुचाकी चालवणारा, हिशेबाच्या वहीवर वाकलेला माणूस नकळत दात आवळत असतो. म्हणून आरशावर, गाडीच्या टाकीवर, संगणकाच्या कडेला रंगीत टिकली चिकटवायची आणि ती दिसली की दात सोडायचे. ऐकायला अगदीच साधे, पण हीच सवय सर्वांत जास्त कामाला येते. व्यायामही तसाच साधा. जीभ टाळूला टेकलेली ठेवून आरशात पाहत, हनुवटी सरळ खाली येईल अशा बेताने तोंड सावकाश उघडायचे आणि मिटायचे. जीभ सुटू दिली नाही तर तोंड फार उघडतच नाही आणि बहुधा आवाजही येत नाही. गालावर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याचा पंधरा-वीस मिनिटे शेक, आणि मग गालाच्या स्नायूला बोटांनी गोल गोल मालिश. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची. मुद्दाम ‘कट्’ वाजवून पाहण्याची खोड तर आधी सोडायची.

जेवणात काही आठवडे नमते घ्यावे लागते. बाजरीची भाकरी बंद करण्याची गरज नाही. ती दुधात किंवा कालवणात कुस्करून खावी. पिठले-भात, मुगाची खिचडी, उकड, मऊ शिजवलेली भाजी चालते. ऊस दाताने सोलणे, पेरू किंवा मक्याचे कणीस अख्खे तोंडाला लावणे, फुटाणे, कडक चकली आणि सुपारी हे सगळे तेवढे दिवस दूर ठेवावे. उसाचा रस प्यायला कुणाचीच ना नाही. आणि घास दोन्ही बाजूंनी चावायचा, एकाच बाजूला सगळा भार टाकायचा नाही.

एवढे करूनही सहा-आठ आठवड्यांत फरक पडला नाही किंवा तोंड अडकले, तर पुढची पायरी तज्ज्ञाची. त्यासाठी कोपरगावकरांना मुंबई-पुणे गाठावे लागत नाही. शिर्डी-राहात्याच्या पुढे लोणीला प्रवरेचे ग्रामीण दंत महाविद्यालय आहे, संगमनेरजवळ घुलेवाडीला एसएमबीटीचे दंत महाविद्यालय आहे, आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय. अशा ठिकाणी मुख-शल्यचिकित्सा आणि मुखरोगनिदान असे वेगळे विभाग असतात. तोंड अडकलेल्यासाठी तिथे सांधा धुण्याचा उपाय होऊ शकतो. भूल देऊन कानापुढे दोन सुया घालतात, एकीतून सलाइनसारखे निर्जंतुक द्रावण सोडतात आणि दुसरीतून बाहेर काढतात. इस्रायलच्या डॉ. डोरिट निट्झान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ही पद्धत मांडली. मोठी शस्त्रक्रिया आणि सांधारोपण आजही होते, आणि हाड जुळून गेलेल्या किंवा पूर्ण झिजलेल्या रुग्णाला ते नवे आयुष्य देते. पण असे रुग्ण फार थोडे.

दुखणे छोटे दिसले तरी माणसाला ते आतून किती पोखरते, याचे एक उदाहरण हॉलिवूडमधले. १९८४ साली ‘सिटी हीट’ चित्रपटाच्या चित्रीकरणात मारामारीच्या दृश्यात नकली खुर्चीऐवजी लोखंडी खुर्ची अभिनेता बर्ट रेनॉल्ड्सच्या जबड्यावर बसली. जबडा मोडला, सांधा बिघडला, घट्ट खाणे अशक्य झाले आणि त्याचे वजन झपाट्याने उतरले. त्याला एड्स झाल्याची अफवा उठली आणि कामे मिळेनाशी झाली. वेदनाशामक गोळ्यांची सवय जडली ती निराळीच. एवढा धडधाकट नट एका सांध्यापायी काही वर्षे बाजूला पडला. ज्याला रोज दुखते त्याला ‘एवढ्याशा जबड्याचे काय घेऊन बसलास’ असे घरच्यांनी म्हणू नये. या तक्रारी स्त्रियांमध्ये, विशेषतः विशी ते चाळिशीत, पुरुषांपेक्षा अधिक दिसतात. आणि घरातल्या बाईचे दुखणे शेवटी बघू म्हणण्याची आपली रीत ठाऊकच आहे.

तोंड न उघडण्यामागे सगळीकडे सांधाच असतो असेही नाही, आणि इथे सावध राहणे फार महत्त्वाचे. तिखट लागताच तोंडाची आग, गालाच्या आतून हाताला लागणारे ताठ पांढरट पट्टे आणि हळूहळू कमी उघडू लागणारे तोंड, हे सुपारी आणि गुटख्याने होणाऱ्या आजाराचे लक्षण आहे. त्याची भारतातली पहिली नोंद १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. जोशी यांनी केली. यातूनच पुढे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. पुड्या मात्र टपरीवर अजून मिळतात. कुणाला चढण चढताना किंवा ओझे उचलताना जबड्यात कळ येते आणि थांबल्यावर जाते. ती हृदयाची असू शकते आणि तिथे दातांच्या दवाखान्यात वेळ दवडू नये. जबड्याला विजेच्या झटक्यासारख्या कळा येत असतील तर दुखणे चेहऱ्याच्या मज्जातंतूचे असण्याची शक्यता असते.

लहान मुलांची बाब वेगळी सांगायला हवी. नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांत गाडी आदळली किंवा अंगणात, झाडावरून मूल पडले की पहिला मार बरेचदा हनुवटीला बसतो. फुटलेल्या हनुवटीला टाके पडतात, जखम भरते आणि सगळे विसरतात. पण हनुवटीवर बसलेला धक्का हाडातून थेट कानापुढच्या टोकांपर्यंत जातो आणि तिथे तडा जाऊ शकतो. वेळेवर लक्ष गेले नाही तर ते हाड कवटीला जुळून जाते, तोंड उघडणे बंद होते आणि खालचा जबडा वाढायचा थांबतो. मुलाचा चेहरा वाकडा होतो, हनुवटी मागे राहते. कान फुटून वाहणाऱ्या जुन्या संसर्गातूनही असे होते. अशी मुले भारतात आजही मोठ्या शस्त्रक्रियेसाठी येतात. म्हणून टाके घालणाऱ्या डॉक्टरांकडेच आईबापांनी जबड्याच्या एक्स-रेविषयी विचारावे, डॉक्टरांच्या सल्ल्याने तोंड उघडण्याचे व्यायाम लवकर सुरू करावेत, आणि पुढचे वर्षभर महिन्यातून एकदा मुलाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे मावतात का, ते पाहून वहीत तारीख लिहून ठेवावी.